टक्के कशाचे?



आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले. औषधांच्या आकड्यांवर आम्ही बोलावे, याचे कित्येकांना नवल वाटेल. पण मालक म्हणतो, "भत्ता पन्नास टक्के वाढवला," तेव्हा आम्ही विचारतो, मूळ भत्ता किती? वीस रुपये! म्हणजे हाती आले दहा. औषधालाही हाच प्रश्न विचारावा. 'धोका निम्मा' एवढे वाचून कर्ज काढणारी माणसे आमच्या सभासदांत आहेत.

१९४८ साली ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. औषध कोणाला द्यायचे, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरले होते. औषध मिळालेल्या ५५ रोग्यांपैकी सहा महिन्यांत ४ दगावले. नुसती विश्रांती मिळालेल्या ५२ पैकी १४. शेकडा ७ आणि शेकडा २७. धोका जवळजवळ पाऊणपट घटला. आम्हांला मात्र वजाबाकी अधिक बोलकी वाटते: शंभरांमागे वीस जीव, म्हणजे पाचांना औषध दिले की एक वाचला.

आता १९८८ ची अ‍ॅस्पिरिनची चाचणी घ्या. ती अमेरिकेतील डॉक्टरांवरच झाली. दिवसाआड गोळी घेणाऱ्या ११,०३७ जणांत हृदयविकाराचा झटका १०४ जणांना आला; नकली गोळी घेणाऱ्या ११,०३४ जणांत १८९ जणांना. धोका ४५ टक्क्यांनी कमी! जाहिरातवाला एवढेच छापील. वजाबाकी करा: हजारी सतरा होते, ते नऊ झाले. एकाचा झटका टळावा म्हणून सुमारे १३० जणांनी पाचेक वर्षे गोळी घ्यायची; आणि अ‍ॅस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका वाढतो, तो सगळ्यांच्याच वाट्याला.

विद्वान मंडळी आणखी एक हिशेब मांडतात: मेलेल्यांचे वाचलेल्यांशी प्रमाण. क्षयाच्या चाचणीत ते ४ ला ५१ आणि १४ ला ३८, भागाकार ०.२१. साध्या धोक्यांचा भागाकार ०.२७. पहिला आकडा वाचून औषध आहे त्याहून गुणकारी भासते. अ‍ॅस्पिरिनमध्ये झटकेच विरळ, तेथे दोन्ही हिशेब जवळपास एकच येतात.

आणि मुदत पाहा. करार किती वर्षांचा, हे आम्ही सहीपूर्वी पाहतोच. त्याच क्षयरोग्यांत पाच वर्षांअखेर औषधवाल्या ५५ पैकी ३२ आणि दुसऱ्या ५२ पैकी ३५ मरण पावलेले होते. शंभरांमागे वीसाचे अंतर नवावर आले. कारण बऱ्याच रोग्यांतले जंतू औषधाला दाद देईनासे झाले होते. म्हणून पुढे स्ट्रेप्टोमायसिनला 'पास' या दुसऱ्या औषधाची जोड देण्यात आली.