विद्यापीठांच्या सीमा आणि हॉकीचे मैदान

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भिलाई-३ येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



हॉकीवर बोलण्याचा आम्हांस अधिकार तो काय, असे कोणी विचारील. आमचे आयुष्य फायलींत गेले. परंतु आजचा विषय जितका मैदानाचा तितकाच फायलींचाही आहे. कोणते महाविद्यालय कोणत्या विद्यापीठास जोडावयाचे हे कागदावर ठरते आणि त्यानुसार मुलांचे संघ बनतात वा मोडतात.

आपल्याच भागाचे पाहावे. नागपूर विद्यापीठ १९२३ साली निघाले तेव्हा सारा मध्यप्रांत त्याच्या कक्षेत होता. १९४६ मध्ये डॉ. हरिसिंग गौर यांनी सागर विद्यापीठ उभारले आणि छत्तीसगड तिकडे गेले. १९६४ मध्ये रायपूरला रविशंकर विद्यापीठ स्थापन झाले. पुढे २०१५ मध्ये दुर्गला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले; त्यास आज हेमचंद यादव यांचे नाव आहे. भिलाई न हलता तिची विद्यापीठे मात्र चार झाली!

या शेवटच्या वाटणीत दुर्गबरोबर राजनांदगावही गेले, आणि हॉकीच्या दृष्टीने गोम येथेच आहे. राजनांदगावास लोक हॉकीची नर्सरी म्हणतात. महंत राजा सर्वेश्वरदास यांच्या स्मरणार्थ तेथे होणारी अखिल भारतीय स्पर्धा आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. दुर्गच्या सबा अंजुम यांनी भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले. दुर्गला विद्यापीठ मिळाले त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. अशी दोन्ही गावे रायपूरच्या हातून गेली.

यात हानी की लाभ? पूर्वी रायपूर, दुर्ग, राजनांदगाव मिळून एकच संघ निघे. आता दोन निघतात. प्रत्येकाचे बळ कमी झाले हे खरे; पण जागा दुप्पट झाल्या, आणि आम्ही त्या जागांच्या बाजूचे आहोत. कारण नोकरीचे आहे. केंद्र सरकारच्या १९८० च्या ज्ञापनाने खेळाडूंच्या भरतीसाठी जी पात्रता ठरविली, तीत आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाकडून खेळलेल्यांचाही समावेश केला. रेल्वे वसाहतीतल्या एखाद्या मुलाला संघातली ती जागा म्हणजे घराचा आधार ठरू शकते. पदकाची गोष्ट नंतर.

अडचण पुढे आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धा आधी विभागवार होतात आणि छत्तीसगड पूर्व विभागात मोडते. नागपूर रेल्वेने अडीचशे किलोमीटरांहून थोडेसेच अधिक, पण ते पश्चिम विभागात. आपल्या मुलांची गाठ पडते ती रांची व संबलपूर या विद्यापीठांशी, म्हणजे सिमडेगा आणि सुंदरगढ या जिल्ह्यांतील हॉकीशी. तेथील पोरे काठीने खेळत मोठी होतात. त्यांच्यापुढे अर्धे झालेले संघ कसे टिकावेत?

अशी उलथापालथ अमेरिकेतही झाली. तेथील महाविद्यालयीन हॉकी बर्फावरची, आणि विद्यापीठे आपापले गट करून खेळतात. २०१३ मध्ये ‘बिग टेन’ने हॉकीचा स्वतंत्र गट काढला. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन अशी बडी मंडळी तिकडे गेली आणि मागे राहिलेल्यांचा एक जुना गट बंद पडला. २०२१ मध्ये सात विद्यापीठांनी त्याच नावाने तो पुन्हा उभा केला. म्हणजे तेथे विद्यापीठे आपले सोबती स्वतः निवडतात. येथे ते शासन आणि नकाशा ठरवितात.

पण नकाशा सामन्याच्या आड येत नाही. विभागीय स्पर्धेपूर्वी दुर्ग आणि रायपूर यांच्या संघांत दरवर्षी चार-पाच सराव सामने व्हावेत, आणि जमल्यास नागपूरच्या संघास पाचारण करावे, असे आम्हांस वाटते. नागपूरकरांना पत्र घालण्याचे काम आपल्या मंडळाने अंगावर घ्यावे; निम्म्या घरांची सोयरीक तिकडचीच आहे! मुलांच्या मुक्कामाची सोय आपल्या घरांतून होऊ शकेल. दोन खोल्या आमच्याकडे मोकळ्या आहेत, त्या आम्ही आजच देऊ करतो.