माळावरची हजेरी
(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने आम्हाला बोलायला बोलावलं याचा आनंद आहे, आणि थोडं नवलही. या मांडवात आजवर कीर्तन झालं, भारुड झालं, आरोग्यावर डॉक्टर बोलून गेले. पाखरांवर भाषण बहुधा पहिलंच. त्यामुळे आम्ही काय करतो ते आधी सांगतो.

आम्ही बारा-पंधरा जण आहोत. त्यात शिक्षक आहेत, शेतकरी आहेत, एक किराणा दुकानदार, दोघे-तिघे सरकारी नोकर, आणि कॉलेजातली चार-पाच मुलं-मुली. घरात कुणी मराठी बोलतं, कुणी कन्नड, कुणी दखनी. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कचेऱ्यांना सुट्टी असते, म्हणून तो दिवस ठरलेला. उजाडायच्या आत निघायचं, आधी तळ्यावर, मग ऊन चढायच्या आत माळावर. तिघांत मिळून एक दुर्बीण. दिसेल तो पक्षी आणि त्याची संख्या वहीत लिहायची. नऊला परत. वर्षातून एकदा गाडी करून चुळकीनाला धरणावर जातो, तेवढीच काय ती सहल.

लोक विचारतात, "पाखरं तर अंगणात येतात, त्यासाठी पहाटे उठून जायचं कशाला? आणि गेलात तर गेलात, मोजता कशाला?" प्रश्न रास्त आहे.

पक्षी बघणं हा एकट्याचा आनंद आहे, मोजणं मात्र चारचौघांचं काम आहे. तळ्यावर हजारभर बदकं उतरली की एकट्या माणसाची नजर फिरते. आम्ही काय करतो, आधी दहा पक्षी नीट मोजतो, ते दहा जण पाण्याची किती जागा व्यापतात ते डोळ्यांत धरतो, आणि तसले किती तुकडे होतात ते बघतो. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, एकमेकांना आकडा सांगायचा नाही. मग दोन्ही आकडे ताडून बघायचे. फार फरक पडला तर पुन्हा मोजायचं. तिसरा वहीत लिहितो. चौथा कुत्र्यांना लांब ठेवतो, आणि हे काम वाटतं त्यापेक्षा अवघड आहे.

दुसरी गोष्ट, यादी पूर्ण हवी. नवशिक्या माणसाला वाटतं, कावळा-साळुंकी काय लिहायची, काहीतरी दुर्मीळ लिहू. आमच्यात ते चालत नाही. कावळा दिसला तर कावळा लिहायचा, सातभाई दिसले तर सातभाई. ठरलेल्या जागी ठरलेला पक्षी दिसला नाही, तर यादीत त्याची जागा रिकामी राहते, आणि पुढे हिशेब करताना त्या रिकाम्या जागेलाही किंमत असते. शाळेच्या हजेरीत गैरहजरांची खूण असते, तसंच हे.

ही पद्धत आम्ही शोधलेली नाही. दर जानेवारीत आशिया खंडातल्या देशांत पाणपक्ष्यांची गणना होते, 1987 सालापासून. फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातले पक्षी मोजतात. भारतात ते 2013 पासून चालू आहे. किमान पंधरा मिनिटं एका जागी मोजायचं आणि यादी ई-बर्डवर टाकायची. मोबाईल असलेलं कुणीही हे करू शकतं, पैसे पडत नाहीत. अशा हौशी लोकांच्या नोंदींतूनच 2023 साली देशातल्या पक्ष्यांचा मोठा अहवाल निघाला. सुमारे तीस हजार पक्षीनिरीक्षक, तीन कोटींच्या आसपास नोंदी, आणि 942 जातींचा विचार. ज्या 338 जातींचा लांब पल्ल्याचा कल काढता आला, त्यांतल्या 204 घटलेल्या निघाल्या. म्हणजे दहातल्या सहा.

त्या अहवालातलं एक नाव आपल्या घरातलं आहे. नीलकंठ. कुणी त्याला चाष म्हणतं, कुणी तास. बसलेला असतो तेव्हा मळकट तपकिरी दिसतो, तारेवरून उडाला की पंखांतली निळाई अशी उघडते की नांगरणारा माणूसही मान वर करतो. कर्नाटकाचा हा राज्यपक्षी. तेलंगणाचा आणि ओडिशाचाही. दसऱ्याला सीमोल्लंघनाला निघाल्यावर नीलकंठ दिसला तर वर्ष चांगलं जातं, असं आपल्या घरोघरी मानतात. इथे बसलेल्या आजोबांना विचारा, पूर्वी तो शोधावा लागत नसे. त्या अहवालाप्रमाणे देशात नीलकंठाची संख्या तीस टक्क्यांहून जास्त घटली आहे, आणि धोक्यातल्या जातींच्या यादीत त्याचं स्थान पुन्हा तपासावं अशी शिफारस त्यात केली आहे. इतका नेहमीचा पक्षी कमी होतोय हे एकेकट्या माणसाच्या लक्षातही आलं नसतं. "हल्ली दिसत नाही बुवा" एवढं म्हणून आपण पुढे गेलो असतो.

कमी का होतोय? तो किडे, नाकतोडे, पाली खातो, तेव्हा शेतात फवारणी वाढली की त्याच्या ताटातलं उणं होतं. आणि अंड्यांसाठी त्याला जुन्या झाडाची ढोली लागते. बांधावरची जुनी बाभूळ, लिंब, मोडका शिंदीचा खुंट. तुरीचं रान सलग करायचं म्हणून जेसीबी लावून बांध काढले की ढोल्या गेल्या. शेतकऱ्याला दोष द्यायला आम्ही इथे उभे नाही. आमच्यातच चौघे तूर पिकवतात आणि क्विंटलचा भाव काय चाललाय ते त्यांना पाठ आहे. पण बांधावरचं एखादं पोकळ झाड राहिलं तर त्याने पीक बुडत नाही, हेही तेच चौघे सांगतात.

आता माळाबद्दल. इथे थोडं जास्त बोलू द्या, कारण आमचं खरं दुखणं तिथे आहे.

आपल्याकडे पहाणी निघते, तिच्यात जमिनीचा प्रकार असतो. माळाच्या नशिबी पडीक येतं, फार तर गायरान. हे फक्त आपल्या तालुक्याचं नाही. देशाच्या पडीक जमिनींचा जो सरकारी नकाशासंग्रह आहे, त्यातही पुष्कळशी गवताळ राने पडीक म्हणूनच मोजली आहेत. कागदावर पडीक म्हटलं की माणसाचे हात शिवशिवतात. कुणाला तिथे मुरूम दिसतो, कुणाला प्लॉट दिसतात, आणि चांगल्या मनाच्या माणसांना तिथे झाडं लावावीशी वाटतात.

मागच्या पावसाळ्यात आमच्याच तरुण मंडळींनी माळावर रोपं लावायचं ठरवलं. खड्ड्यांच्या खुणाही पाडल्या. त्यावरून आमच्यात चांगलं वाजलं. एक जण म्हणाला, "पक्षीमित्र म्हणवता आणि झाडाला नाही म्हणता?" तेव्हा आम्ही सगळ्यांना घेऊन माळावर गेलो. माळटिटवीचं घरटं दाखवलं, म्हणजे घरटं असं काही नसतंच. चार खडे सारून जमिनीवर ठेवलेली अंडी, तीही खड्यांच्या रंगाची. चंडोल गवताच्या बुडाशी घालतो. धाविक उघड्या जमिनीवर पळणारा पक्षी, पखुर्डी दगडांत दगड होऊन बसणारी. थंडीत भोवत्या हजारो कोस ओलांडून येतो, गवतावरून खाली-खाली तरंगत नाकतोडे आणि उंदीर टिपतो आणि रात्री जमिनीवरच गवतात मुक्काम करतो. यांतल्या एकालाही झाड नको आहे. दाट झाडी आली की त्यांचा संसार उठला. माळावर आठ-दहा बोरी-बाभळी आपसूक उगवतात, तेवढीच त्याची गरज.

रोपं शेवटी शाळेच्या कुंपणाकडेने आणि रस्त्याच्या कडेला लागली, बहुतेक जगली आहेत. काही जण अजून आमच्यावर रुसलेले आहेत. ते आज इथे आले आहेत, त्यांचे आभार.

माळ गेला की काय जातं ते बघायला फार लांब जायला नको. सोलापूरजवळ नान्नजला 1979 साली माळढोकासाठी अभयारण्य झालं. मीटरभर उंचीचा, रुबाबात चालणारा पक्षी. आज महाराष्ट्रात माळढोक दिसणं ही बातमी होते. अभयारण्य असून ही गत, मग पडीक म्हणून लिहिलेल्या आपल्या माळाला कोण विचारतो?

म्हणून आमची वही. उद्या कुणी माळ मागितला तर "तिथे काहीच नाही" असं म्हणायला तोंड राहू नये. कोणत्या महिन्यात कोणता पक्षी, किती, कुठे, हे सगळं तारखेनिशी लिहिलेलं आहे. आमच्यातल्या नोकरदारांना ठाऊक आहे की कचेरीत आवाज चढवून काम होत नाही, कागद ठेवला की निदान वाचावा लागतो.

आपल्या भागाला असा कागद ठेवणारा एक मोठा माणूस पूर्वी मिळाला होता. बीदर जिल्हा हैदराबाद संस्थानात होता तेव्हा, 1931-32 साली, सालिम अली यांनी संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. त्यांना तेव्हा नोकरी नव्हती. पगार नको, फक्त प्रवास-मुक्कामाचा खर्च द्या, असं सांगून ते निघाले, आणि पत्नी तेहमिना बरोबर होत्या. ती पाहणी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली. नव्वद वर्षांनंतरही अभ्यासक ती उघडून बघतात, कारण तुलना करायला मागचं काहीतरी लिहिलेलं लागतं. आणि आपल्या शेजारच्या सोलापूरचे मारुती चितमपल्ली, वनखात्यात नोकरी करता करता पक्ष्यांची मराठी, आदिवासी बोलींतली नावं गोळा करत राहिले. 2025 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर, सालिम अलींचा 12 नोव्हेंबर. महाराष्ट्रात हा आठवडा 2020 पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. आपण कर्नाटकात, पण सप्ताह करायला कुणाची मनाई नाही.

नावांवरून आठवलं. भगिनींसाठी सांगतो, आपल्या तळ्यात एक बदक आहे, चोचीच्या टोकाला पिवळं आणि मुळाशी लाल ठिपका. त्याचं मराठी नाव हळदी-कुंकू. आणि काळा, कपाळावर पांढरा टिळा लावल्यासारखा जो पक्षी थव्याने फिरतो, त्याला वारकरी म्हणतात. पहिल्यांदा आलेली मुलं ही दोन नावं घरी जाऊन सांगतात आणि पुढच्या महिन्यात आईला घेऊन येतात.

तळ्याचा विषय निघालाच आहे, आणि विसर्जन जवळ आलं आहे. याच दिवसांत थंडीचे पाहुणे यायला लागतात. पाण्याच्या कडेने शेपटी हलवत चालणारा धोबी गौरी-गणपतीच्या सुमारास हजर होतो; चिखलात तुतवार दिसतो. हे पक्षी काठाच्या उथळ चिखलात खातात, आणि आपण मूर्ती, निर्माल्य, थर्माकोल सगळं नेमकं त्याच काठाला सोडतो. शाडूची मूर्ती विरघळते, प्लास्टरची तशीच राहते आणि रंग पाण्यात जातो. गेली तीन वर्षं विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही काठ साफ करतो. गेल्या साली निर्माल्याची नऊ पोती निघाली, त्यांचं खत एका शेतकऱ्याने केलं. या वर्षी मंडळाने निर्माल्यासाठी वेगळी पिंपं ठेवायचं कबूल केलं आहे, आणि पुढच्या वर्षीची मूर्ती शाडूची आणायचा विषय कार्यकारिणीत घेतला आहे. तो मंजूर व्हावा ही विनंती इथे सगळ्यांसमोर करतो, म्हणजे इतिवृत्तात येईल.

आता शेवटचं. दसऱ्याला सकाळी आम्ही नीलकंठाची गणती करणार आहोत. पाच वाटा, प्रत्येक वाटेवर चार माणसं, तारा आणि बांध बघत जायचं. या दिवशी काही ठिकाणी नीलकंठ पकडून, पाय बांधून, दर्शनाचे पैसे घेतात. तसा कुणी दारात आला तर पैसे देऊ नका. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. त्यापेक्षा आमच्याबरोबर या, मोकळा उडणारा बघा. सहा वाजता शाळेच्या फाटकापाशी जमायचं. पांढरे, भडक कपडे नकोत. पाण्याची बाटली आणि एक पेन आणा. फोटोसाठी घरट्याजवळ कुणी जायचं नाही, आणि मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही. दहा वर्षांखालच्या मुलांबरोबर घरचं एक मोठं माणूस हवं. नावं आज आरतीनंतर मांडवाच्या डाव्या बाजूच्या टेबलावर द्या. तिथे वही ठेवली आहे.