मनसर-रामटेकचे डोंगर पाहताना
(समितीच्या वार्षिक मेळाव्यात सहलीच्या पूर्वतयारीनिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यंदा आपल्या समितीची सहल मनसर, रामटेक आणि नगरधन येथे नेण्याचे ठरले आहे. बस निघण्याआधी मी त्या भागाविषयी चार शब्द बोलावे, असा कार्यकर्त्यांचा आग्रह होता. मी इतिहासकार नाही. उभी नोकरी शाळेत भूगोल शिकविण्यात गेली. परंतु या डोंगरांत मी पुष्कळ हिंडलो आहे आणि तेथे माझ्या हातून एक चूकही झालेली आहे. ती सांगावी म्हणूनच मी उभा राहिलो, असे म्हटले तरी चालेल.

समोर टेबलावर जी अर्धी वीट ठेवली आहे, ती मनसरची. तिच्याकडे नंतर येतो.

मिहानहून वर्धा रोडने नागपूर ओलांडून, कामठी आणि कन्हान मागे टाकून जबलपूर मार्गाने गेलो की साठेक किलोमीटरवर मनसर लागते. सपाट कापसाच्या मुलखातून निघालेल्या माणसाला येथे पहिल्यांदा जमीन उठलेली दिसते. सातपुड्याच्या या धाकट्या टेकड्या आहेत. मनसरला मँगनीजची खाण आहे, त्यामुळे वाटेतल्या दगडांना काळपट झाक दिसेल. पुढे उत्तरेला पेंचचे जंगल सुरू होते. साग, मोह, तेंदू, पळस ही येथली झाडे. फाल्गुनात गेलात तर पळसाने डोंगर पेटल्यासारखा दिसतो. रामटेकच्या पायथ्याशी अंबाळा तलाव आणि डोंगरापलीकडे खिंडसीचे मोठे जलाशय. तेथे मुलांना थोडा वेळ नुसते बसू द्यावे. रामटेकचे कपुरी पान जुन्या लोकांना आठवत असेल. बारई लोकांचे पानमळे पाहायला मिळाले तर तेही पाहा. सावलीत, ओलाव्यात वेल कसा जपतात हे पाहण्यासारखे असते.

आता इतिहास. आजपासून सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी येथे वाकाटकांचे राज्य होते. राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकच्या दक्षिणेचे आजचे नगरधन. दुसरा रुद्रसेन नावाचा राजा लवकर वारला. त्याची राणी प्रभावतीगुप्ता ही उत्तरेतील गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. मुले लहान होती म्हणून तिने स्वतः कारभार हाती घेतला. पुण्यात सापडलेला तिचा ताम्रपट नंदिवर्धनहून दिलेला आहे. 2015 ते 2018 या काळात राज्य पुरातत्त्व विभाग व डेक्कन कॉलेज यांनी नगरधनला उत्खनन केले, तेव्हा तिच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली. वजन जेमतेम साडेसहा ग्रॅम. त्यावर ब्राह्मी अक्षरांत राणीचे नाव आणि शंखाचे चित्र. आपल्या भगिनींना मी मुद्दाम सांगतो, नगरधनला आज जो किल्ला दिसतो तो बऱ्याच नंतरचा, भोसल्यांच्या काळातला. त्याची तटबंदी पाहून मागे फिरू नका. पायाखालच्या मातीत एका बाईच्या हुकमाची खूण निघाली आहे, हे ध्यानात ठेवून त्या शेतांकडे पाहा.

रामटेकच्या टेकडीवर केवल-नरसिंह आणि रुद्र-नरसिंह ही दोन छोटी दगडी मंदिरे आहेत. लोक वरच्या मोठ्या मंदिराकडे धावतात आणि ही दोन मागे टाकतात. ती वाकाटककालीन आहेत. केवल-नरसिंहाच्या भिंतीत एक शिलालेख आहे. तो शतकानुशतके चुन्याच्या थरांखाली दडला होता आणि गेल्या शतकाच्या आठव्या दशकानंतरच वाचला गेला. जवळच मोठा वराह आहे. महामहोपाध्याय मिराशींनी कालिदासाचा रामगिरी तो हाच असे मांडले. त्यावर वाद आहेत, पण मेघदूतामुळे रामटेकचे नाव देशभर गेले.

तर बंधूंनो, मनसर. गावाजवळ एक टेकडी आहे, तिला लोक हिडिंबा टेकडी म्हणतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एक म्हातारी गवत कापत होती. तिला विचारले, तर म्हणाली, "भीमाची बायको इथं राहे नं, तिची हे टेकडी." आपल्या महाराष्ट्रात जेथे जुने बांधकाम दिसते आणि करणारा कोण हे विसरले जाते, तेथे पांडव येतात. नाशिकच्या बौद्ध लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, ते आपल्याला ठाऊक आहे. म्हातारीला हसण्याचे कारण नाही. तिने निदान टेकडीला नाव तरी ठेवले, ती सांभाळली.

1972 साली या टेकडीवर शिवाची एक देखणी मूर्ती सापडली. ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पुढे 1997-98 पासून भदन्त आर्य नागार्जुन सुरेई ससाई यांच्या पुढाकाराने, बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्थेच्या वतीने येथे उत्खनन झाले. जगत्पती जोशी आणि ए. के. शर्मा हे नामवंत पुरातत्त्वज्ञ त्याचे प्रमुख होते. विटांचे मोठमोठे चौथरे, जिने, कोनाडे मातीतून वर आले. आपल्या वस्त्यांत तेव्हा केवढा आनंद झाला होता! नागार्जुनांचे स्थान सापडले, असे जो तो म्हणू लागला. मीही म्हणालो. सातव्या शतकात आलेल्या ह्युएन त्संग या चिनी भिक्षूने कोसल देशात राजाने नागार्जुनांसाठी डोंगर कोरून विहार बांधल्याचे लिहिले आहे, आणि रामटेकच्या रांगेत नागार्जुन नावाची टेकडी आहेच. मग दुसरे काय हवे?

पुष्कळ काही हवे, हे मला नंतर कळले. ह्युएन त्संगाने सांगितलेली कोसलची राजधानी कोणती, यावरच विद्वानांचे एकमत नाही. कोणी भांदक म्हणतो, कोणी वैरागड, कोणी छत्तीसगडमधील सिरपूर. मनसरला 'प्रवरेश्वर' असे नाव असलेली मुद्रा मिळाली. त्यावरून हान्स बक्कर हे डच संशोधक आणि इतर काही जण हिडिंबा टेकडीवर प्रभावतीगुप्तेच्या मुलाने, दुसऱ्या प्रवरसेनाने, बांधलेले शिवमंदिर होते असे मानतात. काहींना तेथे स्तूप-विहाराचे अवशेष दिसतात.

मागच्या एका सहलीत याच टेकडीवर आपल्यातच वाद जुंपला. एक तरुण म्हणाला, शंकराचे म्हणणारे सगळे खोटारडे. दुसरा म्हणाला, बुद्धाचे नसेल तर मग उन्हात चढलो कशाला? त्या दुसऱ्याचा प्रश्न मला अजून टोचतो. मी त्यांना एवढेच विचारले की, अजिंठ्याचे सोळावे लेणे कोणी दिले? वाकाटकांच्याच वत्सगुल्म, म्हणजे वाशिम शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने ते भिक्षुसंघाला दिले. एकाच घराण्याच्या दोन शाखा. एकीकडे नरसिंहाची आणि शंकराची मंदिरे, दुसरीकडे अजिंठ्याची भव्य लेणी. त्या काळचा माणूस आपल्या सोयीच्या एका रकान्यात बसत नाही. आपल्याला वारसा हवा असेल तर विदर्भात तो भक्कम पुराव्यानिशी आहे. पवनीला 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने जगन्नाथ टेकडी खणली. तेथे मोठा स्तूप निघाला आणि मुचलिंद नागाचे नाव कोरलेले शिल्पही मिळाले. बाबासाहेबांनी 15 ऑक्टोबर 1956 च्या भाषणात नागपूर का निवडले ते सांगताना नाग लोकांचा उल्लेख केला होता. त्यानंतर तेरा वर्षांनी हा दगड जमिनीतून वर आला. भद्रावतीच्या विजासन लेण्यात सरळ डोंगरात गेलेल्या लांब दालनाच्या टोकाला बुद्धमूर्ती बसलेली आहे. तेथे कोणाशी भांडावे लागत नाही. मग मनसरला जे अजून ठरलेले नाही, ते आपण घाईने का ठरवावे? बाबासाहेबांनी पुराव्याशिवाय लिहिलेले एक पान दाखवा.

आता ही वीट. 1999 च्या हिवाळ्यात मनसरला खोदकाम चालू असताना मी गेलो होतो. चौथऱ्याच्या बाजूला ढिगाऱ्यात ही पडलेली दिसली. आजच्या विटेपेक्षा रुंद आणि चपटी. कोणी पाहत नाही असे पाहून पिशवीत घातली. घरी आणून तथागतांच्या फोटोजवळ ठेवली. येईल त्याला सांगू लागलो, ही नागार्जुनांच्या विहाराची वीट. कोणाला शंका आली नाही, आणि मलाही नाही.

आपल्यापैकी कित्येकांची घरे आणि शेते मिहानमध्ये गेली. आमचेही गाव गेले. नव्या प्लॉटवर येताना आईचे जाते आम्ही टेम्पोत घालून आणले. आज ते नळाखाली पडले आहे. नातू विचारतो, आजोबा, हा गोल दगड कशाचा? मी सांगतो, हे पडवीत डाव्या कोपऱ्यात होते, पहाटे आजी दळायची, शेजारच्या भिंतीला भोक होते त्यातून धूर यायचा. पण पडवी नाही, कोपरा नाही, भिंत नाही. माझ्यामागे तो खरोखरच नुसता गोल दगड राहील. एके दिवशी मुलाला हे सांगता सांगता माझी नजर घरातल्या विटेकडे गेली, आणि अंगावर काटा आला. मी दुसऱ्या कोणाच्या तरी घराचे जाते उचलून आणले होते.

खोदणारे लोक वीट कोठे, कोणत्या थरात, कोणत्या विटेवर बसली होती, यावरून काळ सांगतात. मातीचा रंग, राख, खापर, सगळे जागच्या जागी मोजतात. जागेवरून हलली की विटेची साक्ष संपली. शिवाय 1958 चा स्मारक संरक्षण कायदा आहे, हा भाग वेगळाच.

मग मी ती परत न्यायला गेलो. राखणदार चांगला माणूस होता. त्याने वीट हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि म्हणाला, "गुरुजी, हे आता कुठं ठेवू मी? कोनत्या भिताडाची हाय हे तुमालेच मालूम नाही." मला उत्तर देता आले नाही. वीट घेऊन मी परत आलो. म्हणून ती अजून माझ्याकडे आहे. ती विहाराच्या कपाटात ठेवावी अशी सूचना काही उपासकांनी केली, ती मी नाकारली. चिठ्ठीवर काय लिहिणार?

सहलीचे आता सांगतो. बस रविवारी सकाळी साडेसहाला विहारासमोरून सुटेल. आधी नगरधन, मग रामटेक, जेवण अंबाळ्याजवळ आणि ऊन उतरल्यावर मनसर. वानरे पिशव्या ओढतात, तेव्हा खाण्याच्या पिशव्या हातात लोंबकळत ठेवू नका. भिंतींवर नावे लिहू नका, चौथऱ्यांच्या कडांवरून चालू नका, तेथली माती भुसभुशीत आहे. आठवीच्या वरच्या मुलांनी वही आणावी. कोणी म्हातारे माणूस भेटले तर टेकडीला काय म्हणतात हे विचारून जसेच्या तसे उतरवून घ्यावे, आपल्या मनाने दुरुस्त करू नये. आणि जमल्यास मुलांनी आपापल्या आजी-आजोबांच्या जुन्या घराचा नकाशाही त्याच वहीत काढावा. विहीर कोठे, गोठा कोठे, पिंपळ कोठे. ज्यांना आठवते ती माणसे आज या सभागृहात बसली आहेत.

वीट मी बसमध्ये आणीन. मुलांना हातात घेऊन पाहू द्या. संध्याकाळी मोजून परत माझ्याकडे द्यावी, एवढी विनंती करतो आणि थांबतो.

जयभीम.