फळ न देणारं कोकम

कोकम सरबत सगळ्यांनी प्यायलंय, पण झाड किती जणांनी पाहिलंय? दिसायला एकदम भारी. शंकूसारखा आकार, खाली झुकलेल्या फांद्या, नवी पालवी लालसर. नुसतं शोभेसाठीही अंगणात लावावं असं.

गोची एकच. यात नर झाड वेगळं, मादी वेगळं. बी रुजवलं तर काय निघालं ते फुलं आल्याशिवाय कळत नाही, आणि फुलायला ७-८ वर्षं सहज जातात. इतका उशिरा सापडणारा बग मी ऑफिसातही पाहिलेला नाही.

मालवणजवळ आमच्या घरी असंच एक झाड आहे. बाबा म्हणतात, "फळ धरत नाही, तोडूया, गाडीला जागा होईल." मी फूल बघितलं. मध्ये पुंकेसरांचा गुच्छ, म्हणजे नर. बाबांना आयतंच कारण मिळालं! पण शेजारच्या काकूंची चार मादी झाडं आहेत आणि आमसुलं विकून त्यांचा पावसाळ्याचा खर्च निघतो. त्या सरळ येऊन म्हणाल्या, "भाऊ, तुमचा नर गेला तर माझ्या झाडांना रातांबे धरतील कसे?" जवळपास दुसरा नर नाही. बाबा गप्प. गाडी अजून रस्त्यावरच उभी असते.

काकूंचं काम बघण्यासारखं असतं. एप्रिल-मेमध्ये रातांबे फोडायचे, साली त्याच्याच रसात मीठ घालून बुडवायच्या, उन्हात वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या. असं बरेच दिवस. मध्येच पाऊस आला की माल गेला. मीठ घालून मुरवलेला रस म्हणजे आगळ, सोलकढीचा जीव. बियासुद्धा फुकट नाहीत. त्या कुटून पाण्यात उकळतात, वर येणारं तेल थंड झालं की घट्ट होतं. तेच मुठेल, थंडीत भेगाळलेल्या टाचांना लावतात. अंगावर पित्त उठलं की आमच्याकडे आमसुलाचं पाणी लावायची पद्धत आहे. पण सूज ओठांवर आली, श्वास लागला, तर थेट डॉक्टरकडे जा, प्लीज.

तुम्हाला लावायचं असेल तर मादीचं कलम घ्या. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता' ही जात चांगली. कलम सरळ वर वाढणाऱ्या काडीचं आहे ना, ते विचारा. आडव्या फांदीची काडी असेल तर झाड पसरतच बसतं. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात सावली आणि पाणी द्या. आणि हो, आसपास नर आहे का, ते आधी बघा.