डोळ्याभोवतीचे हाड मोडले तर

(गावपातळीवरील कार्यकर्त्यांच्या नागपूर येथील मेळाव्यात केलेले भाषण)



मेळघाटात काय, गडचिरोलीत काय, कोणी झाडावरून पडतो, कोणाला बैलाचे शिंग लागते, कोणी मोटारसायकलवरून आपटतो. डोळा काळानिळा होतो आणि घरचे म्हणतात, "मुका मार आहे, हळद लावा." पण डोळा हाडाच्या खोबणीत बसलेला असतो. त्या खोबणीचा तळ फार पातळ असतो. जोराचा मार बसला की तो खालच्या पोकळीत मोडतो.

हे ओळखायला यंत्र लागत नाही. सूज वाढण्याआधी डोके न हलवता वर, खाली, दोन्ही बाजूंना बघायला सांगा. एकाच्या दोन वस्तू दिसतात का? डोळा वर जात नाही का? गाल आणि वरचा ओठ बधिर आहे का? डोळा आत गेल्यासारखा वाटतो का? यांपैकी एक जरी असेल तरी तपासणी हवी.

लहान मुलांत जास्त सावध राहा. त्यांचे हाड लवचीक असते. ते मोडून पुन्हा मिटते आणि स्नायू फटीत अडकतो. डोळा बाहेरून पांढराशुभ्र दिसतो, पण वर बघताच मूल कळवळते, ओकते. अशा मुलाची शस्त्रक्रिया 24 ते 48 तासांत व्हावी लागते. मोठ्यांत मात्र पुष्कळदा शस्त्रक्रिया लागतच नाही. लागली तर सूज उतरल्यावर, साधारण दोन आठवड्यांत करतात.

नजर कमी होत असेल, डोळा पुढे येऊन दगडासारखा कडक झाला असेल, किंवा बुबुळच फुटले असेल, तर एक तासही थांबू नका. 108 ला फोन करा.

वाटेत डोळा दाबू नका, लेप लावू नका, नाक शिंकरू देऊ नका. डोके उंच ठेवा. फुटलेल्या डोळ्यावर स्वच्छ कागदी कप न टेकता झाकण म्हणून बांधा. नागपुरात मेडिकलला सीटी स्कॅन होतो, आणि चेहऱ्याच्या हाडांसाठी त्याच आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे.

आणखी एक. बाई "दारावर आपटले" म्हणाली, तर तिला एकटीला घेऊन हळूच विचारा. घरी मार होत असेल तर 181 हा क्रमांक तिला द्या.

दाखल्यातल्या शोमरोन्याने जखमा बांधल्या, पण तेवढ्यावर तो थांबला नाही. त्याने जखमीला उतारशाळेपर्यंत पोहोचवले आणि खर्चही भरला. आपली सेवाही पट्टी बांधून संपत नाही; रुग्ण डॉक्टरपुढे बसेपर्यंत ती चालू असते.