मूल बालवाडीत केव्हा घालावे?
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आजचा विषय दिसायला लहान आहे, पण घराघरातला आहे. जून महिना जवळ आला की आपल्या वस्त्यांमध्ये दोन प्रकारची घरे दिसतात. एका घरात अडीच वर्षांच्या पोराला झोपेतून उठवून, गळ्यात टाय बांधून रिक्षात बसवतात. दुसऱ्या घरात पाच वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन नळावर उभी असते. विचारले तर उत्तर मिळते, "एकदम पहिलीतच घालू की! आत्तापासून कशाला?" एका घरी घाई आणि दुसऱ्या घरी दिरंगाई. दोन्ही घरांतील आई-वडील मुलाचे भलेच चिंततात. मात्र मूल तयार आहे का, हे दोन्हीकडे कोणी पाहिलेले नसते.

घाई करणाऱ्यांना आम्ही नावे ठेवणार नाही. आपल्यातील अनेकांच्या आजोबांनी शाळेचे तोंड पाहिले नाही, वडील शिकले ते हालअपेष्टा सोसून. "आमचे पोर मागे पडू नये" ही भीती खरी आहे. आम्ही बँकेत कारकुनी करतो. मुदतठेव मुदतीपूर्वी मोडायला आलेली माणसे काउंटरवर सांगतात, "केजीची फी भरायची आहे, साहेब." ही माणसे उधळी नव्हेत. पण ठेवीच्या पावतीवर मुदतीची तारीख छापलेली असते, मुलाच्या कपाळावर तशी नसते. ती आपण पाहूनच ओळखावी लागते.

बालवाडी ही श्रीमंतांची चैन आहे, असाही आपल्याकडे समज आहे. इतिहास वेगळे सांगतो. डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली पहिले बालगृह काढले ते रोममधील सॅन लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे (आज हे गाव पालघर जिल्ह्यात आहे) खेड्यातील मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. वस्तीतील मुले शाळेपर्यंत येईनात, तेव्हा ताराबाईंनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. त्यातून 'अंगणवाडी' उभी राहिली. मोठ्या मुली भावंडे सांभाळण्यापायी शाळेला मुकतात, हेही त्यांनी हेरले. पुढे कोसबाडच्या 'विकासवाडी'त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. धाकटा पाळणाघरात, ताई वर्गात. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. तेव्हा बालवाडी ही मुळात आपल्यासारख्यांच्या मुलांसाठीच आहे, हे आधी मनावर घेऊ या.

आता मुख्य प्रश्न. वय किती हवे? सर्वसाधारणपणे तीन वर्षे पूर्ण झालेली असावीत. अंगणवाडीतील पूर्वशालेय शिक्षण तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तिसऱ्या वर्षापासून बालशिक्षण आणि सहा वर्षे पूर्ण झाल्यावर पहिली, अशीच मांडणी केली आहे. पण एकाच आईची दोन मुले एकाच वयात चालत नाहीत की बोलत नाहीत. म्हणून वयासोबत काही खुणा पाहाव्यात.

पहिली खूण, आईपासून थोडा वेळ दूर राहणे. मूल आजीजवळ किंवा शेजारच्या मावशींकडे तास-दोन तास राहते का? दुसरी, शी-शू लागली की ते शब्दाने किंवा खुणेने सांगते का? अधूनमधून चड्डी ओली झाली तर काही बिघडत नाही. तिसरी, बोलणे. घरच्यांना सगळेच कळते, पण परक्या माणसाला त्याचे बरेचसे बोलणे उमगते का? तीन वर्षांची बहुतेक मुले तीन-चार शब्दांचे वाक्य बोलतात. चौथी, सांगितलेले ऐकून करणे. "चप्पल काढ आणि इथे ठेव" अशी दोन कामांची सूचना त्याला समजते का? पाचवी, स्वतःच्या हाताने खाणे, मग निम्मा भात खाली सांडला तरी चालेल. सहावी, इतर मुलांजवळ रमणे. या वयाची मुले पुष्कळदा एकमेकांशेजारी बसून आपापलेच खेळतात, तेवढेही पुरेसे आहे.

यातल्या चार-पाच खुणा दिसल्या की मूल तयार आहे असे समजावे. सगळ्या पुऱ्या होईपर्यंत वाट पाहू नये, कारण उरलेले बालवाडीतच शिकायचे असते.

आम्ही या यादीत एबीसीडी, बाराखडी किंवा शंभरपर्यंत पाढ्यासारखे म्हटलेले आकडे घातले नाहीत, हे आपल्या ध्यानात आले असेल. ती तयारीची खूणच नव्हे. आपल्या मनगटात आठ लहान हाडे असतात. तिसऱ्या वर्षी त्यांतील बहुतेक अजून मऊ कूर्चेच्या रूपात असतात. तीन वर्षांचे मूल वेडावाकडा गोल काढते, चौकोन साधायला चौथे वर्ष उलटते. अशा बोटांत पेन्सिल देऊन पानभर 'अ' गिरवून घेणे म्हणजे कोवळ्या रोपाला वाढावे म्हणून ओढण्यासारखे आहे. त्यापेक्षा कणकेचा गोळा मळणे, शेंगा सोलणे, वाळूत रेघोट्या ओढणे, मणी ओवणे यांनी हात घडतो. यातले बहुतेक आपल्या घरात फुकट आहे.

रडण्याविषयीही बोलले पाहिजे. पहिल्या दिवशी मूल रडले की आजी म्हणते, "नको गं, लहान आहे अजून." पहिले आठ-पंधरा दिवस रडणे स्वाभाविक आहे. आई गेल्यावर थोड्या वेळाने मूल खेळात रमत असेल तर चिंता नको. निघताना त्याला सांगून जावे, गुपचूप पळू नये, आणि सांगितलेल्या वेळी घ्यायला हजर राहावे. मात्र महिना उलटूनही मूल दिवसभर कोमेजलेले राहत असेल, जेवण-झोप बिघडली असेल, तर दोन-तीन महिने थांबावे. थांबले म्हणजे नापास झाले असे नव्हे.

एक अपवाद आवर्जून सांगतो. तीन वर्षे होत आली तरी मूल बोलत नसेल, हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, तर "उशिरा बोलेल, त्याचा बापही उशिराच बोलला" म्हणून स्वस्थ बसू नका. डॉक्टरांकडून त्याचे कान तपासून घ्या. ऐकूच येत नसेल तर ते बोलणार कसे? अशा मुलाला तर घरी ठेवण्यापेक्षा चार मुलांत नेण्याची गरज अधिक असते.

बंधु-भगिनींनो, मुलाची तयारी आपण पाहतो, पण शाळेची तयारी कोण पाहणार? बालवाडी निवडताना इमारतीचा रंग पाहू नका. पिण्याचे पाणी स्वच्छ आहे का, मोरी मुलांना वापरता येते का, खेळायला जागा आहे का, बाईंचा आवाज चढा आहे की मायेचा, हे पाहा. घराजवळची आणि घरच्या भाषेत बोलणारी बालवाडी लहान मुलाला अधिक मानवते. अंगणवाडीत पूरक आहार मिळतो, वजन घेतले जाते, लसीकरणाची आठवण ठेवली जाते, हेही थोडे नाही. तिथे काही उणे असेल तर चार पालकांनी मिळून विचारले पाहिजे.

प्रा. यशपाल समितीने १९९३ सालीच सांगितले होते की शिशुवर्गाच्या प्रवेशासाठी परीक्षा आणि मुलाखती बंद कराव्यात आणि त्या वयात लिहिण्या-वाचण्याचे ओझे लादू नये. तीन वर्षांचे मूल अनोळखी माणसांपुढे गप्प बसले, यावरून त्याची बुद्धी ठरवणारी शाळाच तयार नाही, असे आम्ही म्हणू.

विद्यार्थी मित्रांनो, ही गोष्ट तुमच्याही अभ्यासाची आहे. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखालील मसुदा समितीने घडवलेल्या राज्यघटनेच्या मूळ कलम ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचे मार्गदर्शक तत्त्व होते. खालच्या वयाची अट त्यात नव्हती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाचे शिक्षण मूलभूत हक्क झाले, आणि सहा वर्षांखालील बालकांचे संगोपन व शिक्षण नव्या कलम ४५ मध्ये मार्गदर्शक तत्त्व म्हणूनच राहिले. म्हणजे सर्वांत लहान मुलांची बाजू कायद्यात आजही दुबळी आहे. ती आपण उचलून धरली पाहिजे.

तुमच्यापैकी प्रत्येकाने आठवड्यातून एक तास वस्तीतील लहान मुलांना गोष्ट सांगितली, गाणे म्हटले, आणि कडेवर भावंड घेतलेल्या एखाद्या ताईला भावंडासह अंगणवाडीच्या दारापर्यंत नेले, तरी मोठे काम होईल. पालकांनी येत्या जूनपूर्वी घरी पंधरा दिवस आपले मूल नीट न्याहाळावे. शेजारच्या मुलाशी तुलना करू नये. खुणा दिसल्या तर एक दिवस उशीर करू नये, आणि न दिसल्या तर एक दिवस घाई करू नये.