‘पुरे’ म्हणण्याचे धैर्य

तरुणांची श्रमशक्ती अजमावण्याची एक साधी रीत ब्रूहा व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात बसविली आणि १९४३ साली ती प्रसिद्ध झाली. २० इंच उंचीच्या बाकावर मिनिटास ३० वेळा चढावयाचे व उतरावयाचे. अवधी फार तर ५ मिनिटे. मग खाली बसवून नाडी मोजावयाची. ‘हार्वर्ड स्टेप टेस्ट’ हे तिचे नाव आपल्याकडील व्यायामशिक्षकांनाही परिचित आहे.

या परीक्षेतील एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. जो थकला, ज्याला ठेका सांभाळता येईना, त्याला थांबविण्याचा नियम मूळ परीक्षेतच आहे. तो जितके सेकंद टिकला, तितक्यांचा हिशेब करून त्यालाही गुण दिले जातात. त्याची मर्यादा कळली म्हणजे परीक्षेचा हेतू सफल झाला.

आपल्या मनावरचा संस्कार मात्र निराळा. चारचौघांत माघार घेणे ही नामुष्की, असे आपण मानतो, आणि धोका येथेच आहे. धाप लागणे, घाम येणे, मांड्या भरून येणे ही श्रमाची स्वाभाविक चिन्हे होत. परंतु छातीवर दाब येणे, कळ हातात वा जबड्यात उतरणे, भोवळ येणे, पाऊल अडखळणे, चेहरा पांढराफटक पडून थंड घाम सुटणे, यांपैकी एकही चिन्ह दिसताच तत्क्षणी थांबावे, बसावे व वैद्यकीय मदत मागवावी. रुग्णालयात सरकत्या पट्ट्यावर चाचणी घेताना डॉक्टर हृदयालेखाबरोबर रक्तदाबही पाहतात. श्रम वाढले की वरचा रक्तदाब वाढावयास हवा. तो उलट उतरू लागला, तर हृदयाला भार पेलवत नसल्याची ती खूण असू शकते. परीक्षार्थी स्वतः ‘पुरे’ म्हणाला, तर तेवढेही कारण तेथे पट्टा थांबविण्यास पुरते.

केवळ दमलेल्याने धावता धावता एकदम उभे राहू नये. पायांत रक्त साचून घेरी येते. थोडे सावकाश चालावे. ज्याला पूर्वी छातीत दुखले आहे, त्याने तर डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून अशा परीक्षेस उभेच राहू नये.

शेवटी, हाती घड्याळ धरणाऱ्या शिक्षकांना एक विनंती. आरंभीच मुलांना सांगा, ‘बाळांनो, थांबावेसे वाटले तर थांबा, येथे कोणी हसणार नाही.’ आणि कोणी खरोखरच थांबला, तर हा शब्द पाळा.